राजेंद्रचा उन्हाळा

३१ मार्च

राजेंद्र आज निवृत्त झाला. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्याने सगळी नोकरी लाकडी पेट्या ठोकण्यात काढली. त्या पेट्या हिमालयात गेल्या, वाळवंटात गेल्या; त्या बनवणारा मात्र कामशेतच्या पुढे गेला नाही. हे वाक्य मी निरोपसमारंभात म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, पण श्रमाविषयी दोन शब्दांत बोलणं हा श्रमाचा अपमान आहे. माझं संपलं तोवर सामोसे गार झाले होते आणि मागची माणसं उठू लागली होती. राजेंद्रने खिशातून घडी घातलेला कागद अर्धा काढला, पुन्हा आत ठेवला, आणि "सगळ्यांचा आभारी आहे" म्हणून बसला. त्याला बोलायला आवडत नाही.

परतताना लोकलने घोरावाडी स्टेशन सोडल्यावर तो म्हणाला, "इंदू, आता माझा उन्हाळा."

मी विसरले नव्हते. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आम्ही बायकांनी मतदान लढवलं, तेव्हा मी महिनोन् महिने घरी नव्हते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आम्ही बाटली आडवी केली. त्या दिवसांत एकदा राजेंद्रला शब्द दिला होता: तू निवृत्त झालास की एक अख्खा उन्हाळा तुझा, तू म्हणशील ते करू.

"बोल, काय करायचं?"

"वाइन."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. घरी, फळांची, आपल्या हातांनी करायची. परसात बसायला जागा करायची. आणि जुन्नरकडे एक वायनरी आहे, तिथे द्राक्षबागेत तंबूत राहायला जायचं. डेपोतल्या मित्रांबरोबर तो एकदा तिथे जाऊन आलाय, हे मला आजच कळलं.

दारूने या तालुक्यातली किती घरं खाल्ली ते मी बोटांवर नाही, माणसांच्या नावांनी सांगू शकते. परवान्याशिवाय घरी असलं काही करणं गुन्हा आहे, हेही मी त्याला सांगितलं.

"दोन बरण्या गं. मी काय दुकान टाकतोय का?"

"पण पिणार कोण?"

"प्यायला नाही. करायला."

शब्द दिलाय. दिलेला शब्द मोडणाऱ्यांवर मी आयुष्यभर बोलत आले. पाळीन.

४ एप्रिल

काळी द्राक्षं आणली. राजेंद्रने बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या, पुसल्या, उन्हात वाळवल्या. द्राक्षं कुस्करायचं काम माझ्याकडे. मी ते नीट केलं. त्यात साखर आणि यीस्ट घालून त्याने बरणीच्या झाकणातून सलाइनची नळी काढली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आतली हवा बाहेर यावी, बाहेरची आत जाऊ नये, म्हणून.

संध्याकाळी मागच्या खोलीतून हाक आली, "इंदू, ये, ऐक."

पाण्यात बुडबुडे येत होते. गुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा गुडुक. तो स्टुलावर बसला होता आणि दुसरं स्टूल शेजारी मांडून ठेवलं होतं. मी ऐकलं. छान आहे म्हटलं. मग वाचायचं राहिलं होतं म्हणून उठले. तो जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच होता.

१२ एप्रिल

परसात दगडी ओटा बांधायला घेतलाय. दगड मी वाहते, राजेंद्र बसवतो. माझ्या वयाच्या बाईने दगड वाहू नयेत असं आजूबाजूचे म्हणतात. त्यांना मी म्हटलं, डोक्यावर हंडे वाहताना वय कुणी विचारलं नव्हतं.

ओट्यासमोर तो बाक करतोय. मी म्हटलं, लांब कर, चार बायका बसतील, बैठक घेता येईल. त्याने फळीवर पेन्सिलीने खूण केली आणि खुणेवर कापली. बाक दोघांपुरताच झाला. माप चुकलं असणार. सुताराचं माप कसं चुकतं कोण जाणे.

२० एप्रिल

वायनरीतून आजच परतलो. तंबू म्हणजे तंबूच, आत दोन गाद्या आणि एक पंखा. भोवती पुण्या-मुंबईची तरुण मंडळी. माझं सुती लुगडं बघून एक मुलगी दुसरीला म्हणाली, "किती गोड." मी गोड नाही, हे तिला सांगायचा मोह मी आवरला. हा उन्हाळा राजेंद्रचा आहे.

चव बघायच्या खोलीत कोमल नावाची तिथलीच मुलगी माहिती देत होती. "मावशी, ग्लास असा फिरवा. मग नाक आत घाला."

"नाक कशाला?"

"वास घ्यायला. मग सांगा कशाचा वास येतो."

"पगाराच्या दिवशीचा," मी म्हटलं. ती हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. लिंबू सरबत मागवलं.

राजेंद्रनेही वास घेऊन ग्लास खाली ठेवला. त्याचा जीव पिंपांत होता. तळघरात लाकडी पिंपं ओळीने ठेवली आहेत. एकेका फळीवरून हात फिरवत तो म्हणाला, "एकही खिळा नाही, इंदू. मी जन्मभर खिळे ठोकले. आणि हे बघ, नुसत्या फळ्या एकमेकींना धरून आहेत. ओल्या राहिल्या तर धरून राहतात. कोरड्या पडल्या की फटी."

इतकं सलग तो क्वचितच बोलतो. संघटनेसाठी फार सुंदर दाखला आहे. लगेच टिपून ठेवला.

२७ एप्रिल

दुपारी मागच्या खोलीत स्फोट झाला. मला वाटलं सिलिंडर. धावत गेले तर राजेंद्र दारात उभा, चेहऱ्यापासून बनियनपर्यंत जांभळा. त्याने घाईने दोन बाटल्यांना बुचं मारली होती. आतलं उकळणं संपलं नव्हतं आणि उन्हाळा असा.

"लागलं का?"

"नाही. पण तुझा सत्कार गेला."

भिंतीवरच्या माझ्या मानपत्रावर जांभळे ओघळ. आम्ही दोघं इतके हसलो की मला भिंतीला टेकावं लागलं. किती दिवसांनी हसलो, आठवत नाही. तो फरशी पुसायला वाकला, मी फडकं घेतलं, आणि तेवढ्यात तळेगावहून व्याख्यानाची तारीख विचारायला फोन आला. फोन संपवून आले तोवर फरशी स्वच्छ झाली होती.

६ मे

डोंगराकडच्या वाडीवरून गंगी करवंदं विकायला येते. आज राजेंद्रने अख्खी टोपली घेतली. गंगी खूश, पण नजर तल्लख. "येवढी करवंदं कशाला वं बाई? लोनचं घालता का काय?"

राजेंद्र माझ्याकडे बघत होता.

"सरबत," मी म्हटलं.

"टोपलीभर सरबत? लगीन हाय का घरी?"

"व्हय, आमचंच," राजेंद्र म्हणाला. गंगी तोंडाला पदर लावून हसत गेली.

करवंदांचा चीक बोटांना असा धरतो की तेल लावल्याशिवाय निघत नाही. दुपारभर आम्ही समोरासमोर बसून देठ काढले. मध्येच तो म्हणाला, "सरबत का सांगितलंस?"

"तिला सगळं समजावून सांगायला वेळ कुठे होता?"

तो पुढच्या करवंदाचा देठ काढू लागला. म्हणजे पटलं.

१८ मे

दुसऱ्यांदा वायनरी. या खेपेला मला तंबूत बरी झोप लागली. सकाळी द्राक्षांच्या ओळींतून आम्ही दोघंच चालत गेलो. माझ्याजवळ फोन नव्हता, चार्जिंगला लावला होता. राजेंद्र मला वेलीची छाटणी दाखवत होता. कुठला डोळा ठेवायचा, कुठला काढायचा. मी एकाही वाक्याने त्याला तोडलं नाही. कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं, पण वाजवायला हरकत नव्हती.

नाश्त्याच्या वेळी पिंपरीच्या एका बाईने मला ओळखलं. "तुम्ही इंदुताई ना? आमच्या बचतगटात बोलला होतात. अंगावर काटा आला होता. इकडे कशा?"

"पाहणीसाठी," मी म्हटलं. "ज्याला विरोध करायचा ते आधी नीट बघावं लागतं."

"आणि हे?"

"हे माझ्यासोबत आलेत."

तिला दारातल्या पिंपांसमोर माझ्याबरोबर फोटो हवा होता. राजेंद्रनेच काढला. मग तो तंबूंखालच्या लाकडी चौथऱ्यांकडे गेला. काही फळ्या सुटल्या होत्या. त्याने तिथल्या माणसाकडून हातोडा मागून घेतला आणि निघेपर्यंत ठोकत बसला. तिथला मॅनेजर सत्यम बघत होता. निघताना म्हणाला, "काका, पावसाच्या आत सगळे चौथरे नवे करायचेत. याल का? दोघांना खोली देऊ. मावशींनाही आणा."

गाडीत राजेंद्रने विचारलं, "येशील?"

"बघू."

"बघ," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. ऊन फार होतं.

२४ मे

ग्रामसभेची नोटीस लागली. गावात बिअर शॉपीसाठी अर्ज आलाय, ठराव व्हायचा आहे. इतक्या लढाईनंतर पुन्हा तीच बाटली, फक्त काचेचा रंग बदलून! गेले जवळजवळ दोन महिने मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी सौम्य वागत होते. आज अंगात रक्त आल्यासारखं वाटलं.

नंदाबाई आली. पहिल्या लढ्यापासून ती माझ्या खांद्याला खांदा लावून आहे. नवऱ्याचा मार खाऊन तिने मत दिलं होतं. आज ती बसली नाही.

"ताई, मोबाइलवर फोटू आलाय तुमचा. मागं दारूची पिंपं हायेत."

"वायनरी आहे ती. बघायला गेले होते."

"आन् गंगी सांगती, टोपलीनं करवंदं घेतली तुमी. हितं मागं काय चाललंय ते वासानं कळतंय, ताई. मी काय नवी हाय का त्या वासाला?" तिचा आवाज फुटला. "आमच्या घरचा माणूस इचारतो, आता तुजी ताई कुटल्या बाटलीकडं? मी काय सांगू त्याला?"

कुणी शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. मी म्हटलं, "नंदाबाई, तो राजेंद्रचा छंद आहे. माझा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मी एक थेंब चाखलेला नाही."

"आयच्यान?"

"आईच्यान."

तेव्हा पाहिलं, राजेंद्र चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. "चहा घ्या, नंदाबाई," तो म्हणाला. "साखर कमीच आहे."

उत्तर स्पष्ट आणि खरं दिलं. नंदाबाईचा चेहरा निवळला. सभेची तयारी सुरू.

२५ मे

सकाळी परसात गेले तर जमीन जांभळी-काळी. मुंग्यांच्या रांगा, मधमाश्या. द्राक्षांची, करवंदांची, सगळी वाइन राजेंद्रने ओतून दिली होती. बरण्या धुऊन बाकावर पालथ्या घातल्या होत्या. नळीसुद्धा धुऊन गुंडाळून ठेवली होती.

"आता कुणीही घरात येऊ दे," तो म्हणाला. "तुझी सभा आहे."

मी मागितलंही नव्हतं! एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस न बोलता समजू लागतो, तो असा. माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात धरायला गेले.

"राहू दे," तो म्हणाला. "हात चिकट आहेत."

२९ मे

राजेंद्र वायनरीवर गेला. चौथऱ्यांचं काम. पिशवीत करवत, रंधा, दोन सदरे. मी म्हटलं, ग्रामसभा होईस्तोवर तरी थांब, माझं भाषण ऐक. तो म्हणाला, पाऊस भाषणासाठी थांबत नाही.

मी कामशेतपर्यंत सोडायला गेले. एस.टी. लागली होती. मला राहवलं नाही. "उन्हाळा तुझा होता. मी शब्द पाळला की नाही?"

"पाळलास की. सभेला जशी वेळेवर जातेस, तशीच आलीस."

त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ. गाडी सुटेपर्यंत उभी राहिले. त्याने हात केला नाही. पिशवी मांडीवर होती.

३ जून

जिंकलो!

मंदिरासमोर मावेनात इतक्या बायका. शॉपीवाल्यांकडून एक जण उठला आणि म्हणाला, "आधी स्वतःच्या घरातल्या बरण्या बघा." मी वाटच बघत होते. म्हटलं, "या, आत्ता चला, दारं उघडी आहेत. एक भरलेली बरणी सापडली तर हे भाषण इथेच संपवते." तो बसला. मग मी पिंपाचा दाखला दिला: आपण बायका म्हणजे फळ्या, खिळ्याने नाही, एकमेकींच्या आधाराने उभ्या आहोत, ओल्या राहू तोवर एकही फट पडणार नाही. शिट्ट्या, टाळ्या, हात वर. ठराव फेटाळला. नंदाबाई गळ्यात पडून रडली.

बायकांनी घरापर्यंत मिरवत आणलं आणि आपापल्या स्वयंपाकाला गेल्या. मी कुलूप काढलं आणि सवयीने म्हटलं, "ऐकलंस का?"

५ जून

पवना नदीच्या पलीकडच्या दोन गावांतून बोलावणं आलंय. जाईन.

भात जास्त होतो. दोन दिवस सकाळचा रात्री खाल्ला.

राजेंद्रला भाषणाचं सगळं फोनवर सांगितलं. बरण्यांचा प्रसंग रंगवून सांगितला. "छान," तो म्हणाला. पिंपाचं सांगितलं तेव्हा काहीच म्हणाला नाही. मला वाटलं फोन कट झाला. कट नव्हता झाला.

९ जून

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. दुपारी पलीकडच्या गावासाठी भाषणाचे मुद्दे काढायला बसले. पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. घरात माझा आवाज फार मोठा वाटला. पुन्हा हळू म्हटलं. हळू म्हटल्यावर ते वाक्य काही खास उरलं नाही.

मागच्या खोलीत जाऊन बसले. दोन स्टुलं तशीच आहेत. मी त्याच्या स्टुलावर बसले. तिथून दार दिसतं, आणि दारातून ओटीवरची माझी वाचायची खुर्ची. पाठमोरी. हे मला माहीत नव्हतं.

राजेंद्रला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून एरवी विचारत नाही ते विचारलं.

"संध्याकाळी काम संपल्यावर काय करतोस?"

"बसतो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

"करमतं?"

"आता तसा सराव आहे मला," तो म्हणाला. रागाने नाही. हवापाणी सांगावं तसं.

भाषणात मी कधी अडखळलेली नाही. माइक बंद पडला, दगड आले, वीज गेली, तरी माझं पुढचं वाक्य तयार असायचं. आज मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि एकही वाक्य आलं नाही. माझा खुलासा मला माहीत होता. लढा होता, बायका होत्या, कुणीतरी जायला हवं होतं. हे सगळं खरं आहे. पण ते सगळं मी सभेत बोलते त्या आवाजातच येऊ लागलं, म्हणून तोंड उघडलं नाही.

पलीकडे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी भांडी लावत होतं.

"इंदू? आहेस ना?"

"आहे."

"काही काम होतं का?"

"नाही. तू सांग."

"काय सांगू?"

"आज काय केलंस ते."

त्याला विश्वास बसला नसावा. थोडं थांबून, चाचपल्यासारखा, तो सांगू लागला. लाकूड ओलं आलंय. तसंच ठोकलं तर वाळल्यावर वाकेल, म्हणून शेडमध्ये थरावर थर लावून ठेवलंय, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे सगळीकडून वारा लागेल. किती दिवस लागतील सांगता येत नाही. सत्यमला घाई आहे, पण लाकडाला नाही.

मग तो थांबला. इथे मी नेहमी बोलायला लागते, म्हणून थांबला.

"मग?" मी म्हटलं.